माळव्यातलं शेत : कधी नांगरायचं, कधी थांबायचं

वैशाख

गहू निघून रानं मोकळी झाली की इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर-हातोद पट्ट्यात नांगरटीची घाई सुटते. खोल नांगरट करायची ती याच दिवसांत. घाटेअळीचे आणि तंबाखूच्या अळीचे कोष मातीबरोबर वर येतात, काही उन्हात भाजून मरतात आणि उरलेले नांगरामागून चालणारे गायबगळे, साळुंक्या आणि कावळे टिपतात. दर वर्षी मात्र नांगर घालू नये. काळी जमीन उन्हाळ्यात आपली आपण भेगाळते. दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरते, मधल्या वर्षी वखराची पाळी.

अडचण अशी की टिटवीही याच उघड्या रानात अंडी घालते. घरटं म्हणून काही नसतंच. चार खडे, थोडी ढेकळं आणि मधे मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळलेली. दोन पावलांवर उभं राहिलं तरी नजर त्यावरून घसरते. दुपारी पक्षी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, तेव्हा मातीवर ओलसर डाग दिसतो. नाहीतर त्याचा आरडाओरडा हीच खूण. ट्रॅक्टरवाल्याला जागा कळावी म्हणून तीनेक मीटर अंतरावर समोरासमोर दोन काठ्या रोवाव्यात. अंड्यांजवळ झेंडा लावू नये, तो कावळ्यालाही दिसतो. साधारण चार आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि लगेच चालू लागतात. म्हणजे फार तर महिनाभर, तेही एका खाटेएवढी जागा सोडायची.

पाखरांसाठी शेत राखायचं म्हणजे काहीतरी खर्चिक उभारायचं, असा समज पसरलेला आहे. वर्षभराची कामं ओळीनं मांडून पाहिली तर बहुतेक कामं तीच राहतात. ती कधी करायची, कुठल्या टोकापासून करायची आणि कुठे हात आखडायचा, एवढंच ठरवावं लागतं.

रोहिणी

पाण्याचा सगळ्यात टंचाईचा काळ. झाडाच्या सावलीत उथळ कुंडी ठेवावी. पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, आत एक दगड हवा, म्हणजे मधमाशी आणि खार बुडत नाही. दर दोन-तीन दिवसांनी घासून धुवावी. शेवाळलेल्या कुंडीतून पाखरांत रोग पसरतो, त्यापेक्षा कुंडी नसलेली बरी.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं मात्र या दिवसांत सापळा होतं. ससा, कोल्हा, साळिंदर, रोजड्याचं, म्हणजे नीलगायीचं, पिल्लू पाण्याला उतरतं आणि गुळगुळीत उतारावरून त्याला वर येता येत नाही. उपाय स्वस्त आहे. काथ्याची जाळी, किंवा रिकामी पोती शिवून त्यांना हातभर अंतरावर गाठी मारलेली पट्टी, किमान मीटरभर रुंद, चारही बाजूंना सोडायची. वरचं टोक काठापासून दूर खुंटीला बांधायचं, खालच्या टोकाला मातीनं भरलेली पिशवी. दगड बांधला तर प्लास्टिक फाटतं. जाळी उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीपर्यंत पोचली पाहिजे. पावसाळ्यात मोजून बांधलेली जाळी मे महिन्यात हवेत लोंबकळते, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं.

काळ्या चिकण मातीत, तळाला मुरूम उघडा पडला नसेल तर प्लास्टिकविनाही पाणी टिकतं. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून उमाकांत उमराव जिल्हाधिकारी असताना शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत खोदलेली ‘रेवासागर’ तळी पाहावीत, सिंचनाबरोबर पाणपक्षीही आले. खोदताना एक कोपरा एकास चार उताराचा ठेवावा. जनावरं तिथून उतरतात आणि बाकीचे काठ ढासळत नाहीत.

मृग, आर्द्रा

पहिल्या सरीवर सोयाबीन पेरायचा मोह आवरावा. चार इंच, म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस मुरेपर्यंत थांबावं. मधे उघडीप पडली तर अर्धवट फुगलेलं बी जमिनीतच कुजतं. बियाण्याची उगवण घरी तपासता येते : ओल्या पोत्यावर शंभर दाणे मांडून गुंडाळी करायची, सत्तरच्या वर मोड आले तर एकरी तीस किलोच्या आत भागतं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, ट्रॉलीतून पोतं आदळलं तरी उगवण घसरते. ओळीत दीड फूट अंतर, खोली सव्वा ते दीड इंच.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम, हा क्रम उलटला तर जिवाणू मरतात. औषध चोळलेलं बी सगळ्यात जास्त सांडतं ते धुऱ्यावर, जिथे पेरणीयंत्र उचलून वळवतात. तिथेच सकाळी मोर, तित्तर आणि होले चरायला येतात. पेरणी संपली की त्याच संध्याकाळी फावडं घेऊन धुरे फिरावेत आणि दिसेल तो दाणा मातीआड करावा. अर्ध्या तासाचं काम आहे.

उगवल्यावर पहिला आठवडाभर मोर आणि कबुतरं दलं खुडतात. सकाळ-संध्याकाळ राखण तेवढेच दिवस लागते, खरी पानं फुटली की त्यांचा रस संपतो.

करवंदाचं कुंपण लावायचं असेल तर तेही आताच. या बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून पिकलेल्या फळातून काढून लगेच लावायच्या. दोन ओळी, एकाआड एक, झाडात दोन-अडीच फूट. दाट व्हायला तीन-चार वर्षं जातात, तोवर शेळ्यांपासून जपावं लागतं.

श्रावण

इकडे मजुरांचा सावन पौर्णिमेनंतर लागतो आणि आपला मराठी श्रावण अमावास्येनंतर, पंधरवड्याचा फरक. निंदणीचे दिवस ठरवताना दोन्ही पंचांगं समोर ठेवावी लागतात, नाहीतर ऐन वाफशाला माणूस मिळत नाही.

हा महिना सोयाबीनवरच्या अळ्यांचा आणि फवारणी करावी की नाही, या निर्णयाचा. पान कुरतडलेलं दिसलं की पंप उचलायचा, ही सवय मोडली पाहिजे. मीटरभर लांबीचं पांढरं फडकं दोन ओळींच्या मधे अंथरावं, दोन्हीकडची झाडं त्यावर हलकेच वाकवून झटकावीत आणि मोजावं. अशा दहा जागा, बांधाजवळच्याच नव्हेत, शेताच्या मध्यातल्याही. फुलोऱ्याच्या सुरवातीला मीटरभर ओळीत हिरव्या उंटअळ्या सरासरी चाराच्या खाली असतील तर फवारणी नको.

मोजताना अळीकडे नीट पाहावं. ढगाळ, दमट हवेत काही अळ्या पानाला चिकटून ताठ झालेल्या सापडतात, अंगावर आधी पांढरी बुरशी, मग तिच्यावर फिकट हिरवी भुकटी. ही नोमुरिया नावाची बुरशी. दहा-वीस अळ्या अशा दिसल्या तर थांबावं, पाऊसपाणी असंच राहिलं तर आठवडाभरात ती शेत साफ करते. त्या वेळी ‘सोबत टाकून देऊ’ म्हणून मारलेलं बुरशीनाशक हा फुकटचा मदतनीस मारतं. काळ्या पडून उलट्या लटकलेल्या अळ्या विषाणूनं मेलेल्या असतात, त्यांनाही हात लावू नये.

पक्षीथांबे एकरी वीस पुरतात. इंग्रजी टी अक्षरासारखी काठी, आडवी दांडी पिकाच्या दीड फूट वर. कोतवाल त्यावर बसून खालची हालचाल टिपतो, सूर मारतो आणि पुन्हा त्याच दांडीवर येतो. दांडी बोटाएवढी जाड हवी, हलणाऱ्या कामटीवर तो बसत नाही. फवारावंच लागलं तर सूर्य कलल्यावर, मधमाश्या परतल्यावर, आणि बांधालगतचा दोन मीटरचा पट्टा सोडून. त्या पट्ट्यातच कोळी, ढालकिडे आणि गांधीलमाश्या टिकतात आणि तिथून पुन्हा शेतात शिरतात.

गवताच्या बिडाला, म्हणजे राखून ठेवलेल्या कुरणाला, विळा लावू नये. तणमोर, इकडचा खरमोर, पावसाळ्यातच गवतात अंडी घालतो. त्याच्यासाठी १९८३ मध्ये रतलाम जिल्ह्यात सैलाना आणि धार जिल्ह्यात सरदारपूर अशी दोन अभयारण्यं झाली, तरी आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. इंदूरजवळच्या एखाद्या एकराच्या बिडात तो उतरेल अशी आशा धरणं कठीण, पण लावे आणि चंडोल त्याच वेळी तिथेच घरटी करतात. दिवाळीनंतर कापलेलं गवत थोडं जून निघतं, गुरं खातात.

भाद्रपद

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकलेली असतात. नर बाजरीच्या आणि खजुरीच्या पात्यांच्या चिरोट्या काढून नेतात. बाभळीची छाटणी करायची असेल तर घरटी रिकामी झाल्यावर, थंडीत.

उकिरड्याकडे लक्ष द्यायचा हा महिना. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ इथलीच. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती इंदूरच्या संस्थेत बसवली, आजचं कृषी महाविद्यालय त्याच जागेवर आहे. काडीकचऱ्याचा तीन-चार इंचांचा थर, त्यावर शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख, पाणी शिंपडून पुन्हा थर. कोरड्या दिवसांत हे खड्ड्यात, पावसाळ्यात जमिनीवर ढीग करून, कारण खड्ड्यात पाणी तुंबलं की हवा संपते आणि आंबूस वास सुटतो. पंधरा दिवसांनी पहिली पालथणी, महिन्यानं दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी, तीन महिन्यांत खत तयार. कपाशीच्या पऱ्हाट्या तशाच टाकल्या तर कुजत नाहीत. हॉवर्ड त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत, आज ट्रॅक्टर फिरवला तरी चालतं.

ढिगाच्या उबेत धामण आणि दिवड अंडी घालतात. पालथणी म्हणून फावड्यानं न करता दाताळ्यानं, एका कडेकडून हळू करावी. लांबट, पांढरी, मऊ अंडी एकमेकांना चिकटलेली दिसली तर तेवढा भाग झाकून ठेवावा. एका धामणीनं खाल्लेले उंदीर रब्बीत कामाला येतात.

आश्विन

सोयाबीन निघालं की उंदीर बांधात शिरतात. संध्याकाळी सगळी बिळं मातीनं बुजवावीत, सकाळी जी उघडी दिसतील तीच नांदती. तिथेच पिंजरे लावावेत. ब्रोमाडिओलोन या उंदीरमारक विषाच्या वड्या गव्हाणी घुबडाच्या मुळावर येतात. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगत उघड्यावर फिरतो आणि घुबडाच्या तावडीत आयता सापडतो. घुबडानं घरटं करावं म्हणून लावलेली पेटी आणि विषाच्या वड्या एका शेतात ठेवू नयेत.

पेटी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, भोक सहा इंचांचं आणि तळापासून दीड फूट वर, नाहीतर पिल्लं बाहेर पडतात. उंची किमान बारा फूट, तोंड पूर्वेला, कारण इकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. लक्ष्मीचं वाहन म्हणून पूजायचं आणि त्याच अमावास्येला त्याचा जीव घ्यायचा, हे संतापजनक आहे. पेटीची जागा गावभर सांगू नये.

कार्तिक ते पौष

हरभरा एकरी तीस किलो, बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळून. ज्वारीची ताटं वर आली की तेच पक्षीथांबे. आठ ओळींमागे एक ओळ धन्याची. त्याच्या फुलांवर येणारी कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी घाटेअळीच्या अंगात अंडी घालते. महिनाभरानं शेंडे खुडले की फांद्या वाढतात आणि घरात भाजी होते. थंडीची लाट आली, रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पाल्याची, म्हणजे दंव गोठून पीक करपण्याची, भीती. त्या संध्याकाळी हलकं पाणी द्यावं, ओली जमीन रात्री ऊब सोडते.

रोजड्यांचा उपद्रव खरा आहे, तो लहान करून सांगण्यात अर्थ नाही. कळप एका रात्रीत हरभऱ्याची दशा करतो. ते ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतात, ते ढीग जोडत गेलं की त्यांची वाट कळते. कुंपणाचा जोर सगळीकडे सारखा लावण्याऐवजी त्या वाटेवर लावावा. त्या कडेला हरभरा न ठेवता लसूण, धने किंवा चार-सहा ओळी काटेरी करडई. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो, तो चालतो. थेट लाइनची वीज तारेत सोडणं गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात.

गुरांच्या ताप-सुजेवर मेलॉक्सिकॅमच मागावं. डायक्लोफेनॅकवर पशुवापरासाठी २००६ मध्ये, केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली, कारण औषध दिलेल्या जनावराचं मढं खाऊन गिधाडं मरतात. दुकानात माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकची मोठी कुपी अजूनही पुढे केली जाते, ती घेऊ नये.

फाल्गुन, चैत्र

गव्हाला हार्वेस्टर लावताना चालकाशी आधी बोलावं. सगळे बाहेरून गोल फिरत आत येतात, त्यामुळे ससे आणि लावे मधल्या उभ्या पिकात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली सापडतात. वळण्यापुरत्या दोन फेऱ्या कडेनं काढून मग मधून सुरू करून बांधाकडे सरकावं. डिझेल किंचित जास्त जातं. रात्रीची कापणी टाळावी.

मागे हातभर नरवाई, म्हणजे कापणीनंतरची उभी धाटं, उरते. ती पेटवली की टिटवीची अंडी, सापाची कात टाकलेली पिल्लं, बांधावरच्या बोरी-पळसाचे बुंधे आणि वरच्या इंचभर मातीतले जीव एका दुपारी जातात, शिवाय वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा गहू. स्ट्रॉ रीपर फिरवला तर त्याच नरवाईचा भुसा होतो. भाड्याचं यंत्र असेल तर नंबर कापणीआधीच लावून ठेवावा. भुसा कोरडा असतानाच भरावा, अवकाळी सर पडली तर बुरशी धरतो आणि तो गुरांना न घालता उकिरड्यावर टाकावा लागतो. जमिनीलगत राहिलेली बुडखं तशीच सोडावीत, मृगाच्या आधीच्या पाळीत ती मातीत जातात.