कूलर, माइक आणि 'समोर'

बीजीएमआय हा मोबाइलवर चौघांच्या टोळीने, म्हणजे स्क्वाडने, खेळायचा बंदुकांचा खेळ. एप्रिल-मे महिन्यात नागपूरकरांच्या स्क्वाडमध्ये परगावचा गडी आला, की त्याची पहिली शंका असते, "मागे हेलिकॉप्टर चाललंय का?" हेलिकॉप्टर कुठलं, कूलर असतो तो. पारा ४५ वर गेला की कूलर बंद कर म्हणणं शिष्टाचारात बसत नाही. पण माइक सताड उघडा ठेवणं तरी कुठे बसतं? बीजीएमआयमध्ये निम्मा खेळ कानांचा. वैरी जिना चढतोय की गच्चीवर दबा धरून आहे, हे पावलांवरून कळतं. एकाचा कूलर माइकमध्ये घरघरला की चौघेही बहिरे. म्हणून बटण दाबून बोलायची सोय सेटिंगमध्ये आधीच लावून ठेवावी, बोलणं झालं की बोट उचलावं.

गंमत अशी, की फोनला मात्र तोच झोत हवा असतो. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, चित्राच्या फ्रेम गळतात आणि ऐन चकमकीत हातातली बंदूक अडखळते. खेळताना चार्जिंग लावलं तर आणखीच. तेव्हा फोन झोतात, माइक झोताबाहेर, आणि बॅटरी खेळाआधीच भरलेली. खोलीतली खुर्ची कुठे मांडायची, हासुद्धा टीमवर्कचाच भाग.

मग येतो भाषेचा घोळ. विदर्भात 'समोर' म्हणजे पुढे. "समोर जा न बे" म्हटलं की नागपूरचा पोरगा पुढे सरकतो. पुण्याचा गडी डोळ्यांसमोर काय आहे ते पाहत उभा राहतो आणि गोळी खातो. 'डावीकडे'चंही तेच, कारण चौघांची तोंडं चार दिशांना. "त्या झाडामागे" तर विचारूच नका, आठ किलोमीटर लांब-रुंद एरँगेलच्या नकाशावर झाडांना काय तोटा! स्क्रीनच्या वर होकायंत्राची पट्टी असते, तीवरचा आकडा सांगावा: "२४०, दगडामागे, एक जण." गोळी लागून पडलेल्यानेही एवढंच सांगून गप्प बसावं. "काऊन (का) आला नाही बे?" हा हिशेब मॅच संपल्यावर लॉबीत करता येतो.

पडलेल्याला उचलायला १० सेकंद लागतात. तेवढा वेळ उचलणाराही बिनहत्यारी असतो, म्हणून आधी धुराचा बॉम्ब, मग मदत. उठलेल्याच्या अंगात जेमतेम जीव असतो. बँडेज किंवा फर्स्ट एड किट त्याला पाऊणपर्यंतच नेतं, तेव्हा आपल्या बॅगेतली एक किट न मागता टाकावी. गोळ्यांचंही तसंच. एम४१६ बंदुकीला ५.५६ ची गोळी लागते, एकेएमला ७.६२ ची. जी बंदूक आपल्याकडे नाही तिच्या दोनशे गोळ्या वाहणारा महाभाग प्रत्येक स्क्वाडमध्ये एक असतोच. लग्नात पंगतीला बसून जिलबी खिशात घालणारा तो हाच.

आणि ते "दोन मिनिटांत येतो"! मॅच अर्ध्या तासाची. घरच्यांनी जेवायला हाक कधी मारायची ते गेमच्या सर्व्हरला विचारून ठरत नाही. पानं वाढायची वेळ झाली असेल, तर 'रेडी' दाबूच नये. दाबलंच असेल, तर उठण्याआधी खेळातला आपला माणूस तिथल्या एखाद्या घरात नेऊन निजवावा, किट आणि गोळ्या सोबत्यांपुढे टाकाव्यात, आणि "मी उठतोय" एवढं म्हणावं. न सांगता उठलेल्याचा माणूस तिकडे मैदानात ताठ उभा असतो, नि त्याचा उघडा माइक बाकी तिघांना ऐकवत राहतो की आज भाजीत तिखट जास्त झालं आहे.