२०१ मतांनी निवडून आलेले न्यायाधीश

मी तालुका कोर्टात वकिली करतो आणि एकदा नगरपालिकेला उभा राहून पडलोही आहे. राजकारण केलेल्या माणसाला न्यायासनावर बसवू नये, असं कुणी म्हटलं की मी अमेरिकेतले न्यायाधीश ॲबनर मिक्वा यांचं नाव काढतो.

१९४८ साली शिकागोत कायदा शिकणारा हा पोरगा डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉर्ड ऑफिसात प्रचाराचं काम मागायला गेला. पुढाऱ्याने विचारलं, तुला कुणी पाठवलं? कुणीच नाही. मग, कुणी न पाठवलेला माणूस आम्हाला नको! (वशिल्याचं दुखणं तिकडेही आहे तर.) तरी पुढे दहा वर्षं ते इलिनॉयच्या विधानसभेत होते आणि १९६८ला वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात पोचले. मतदारसंघाची फेररचना झाली, तेव्हा बिऱ्हाड एव्हान्स्टनला हलवलं. १९७२ला पडले, १९७४ला पुन्हा आले. १९७६ला फक्त २०१ मतांनी जिंकले. अख्ख्या मतदारसंघात २०१! आमच्याकडे एवढी मतं एका आळीत फिरतात.

१९७९मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना वॉशिंग्टनच्या फेडरल अपील न्यायालयासाठी निवडलं. पिस्तुलांवर निर्बंध हवेत म्हणणारा माणूस. बंदूकवाल्यांची रायफल असोसिएशन हात धुऊन मागे लागली. सेनेटने ५८ विरुद्ध ३१ मतांनी मंजुरी दिली. तर मॅक्ल्युअर नावाचे सेनेटर कोर्टात गेले: मिक्वा सभागृहात असताना न्यायाधीशांचा पगार वाढला, म्हणून राज्यघटनेनुसार ही नेमणूकच बेकायदा. मुद्दा बिनतोड वाटतो, पण सेनेटरना अशी दाद मागण्याचा अधिकारच नाही म्हणून दावा निकालात निघाला. मतदानात हरलेली लढाई कोर्टात जिंकायची हौस मी इथेही रोज बघतो.

कायद्याचा अर्थ लावताना मिक्वा संसदीय समित्यांच्या अहवालांना वजन देत. विधेयकं कशी शिजतात हे त्यांनी आतून पाहिलं होतं. १९९३मध्ये त्यांनी, समलिंगी असल्याचं सांगितल्यामुळे नौदल अकादमी सोडावी लागलेल्या जोसेफ स्टेफनच्या बाजूने निकाल दिला. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने तो फिरवला.

१९९४मध्ये, त्या अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असताना, तहहयात नोकरी सोडून ते क्लिंटन यांचे व्हाइट हाऊसमधले वकील झाले. राजकारणी शेवटी राजकारणीच, असं यावर कुणी म्हणेल. मला राजीनामा पटतो; न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून त्यांनी राजकारण केलं नाही. त्या रिकाम्या जागेसाठी १९९५मध्ये मेरिक गार्लंड यांचं नाव गेलं, आणि सेनेटची मंजुरी मिळायला १९९७ उजाडलं.