पाळीची वाट न बघता

गेल्या जूनमध्ये, पेरण्या उरकल्या त्याच आठवड्यात माझा गर्भ गेला. दहावा आठवडा होता. सोनोग्राफीत ठोके दिसेनात म्हणून पिशवी साफ केली. सुट्टी देताना लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि पुन्हा दिवस राहण्याचं विचारलं तर डॉक्टर एवढंच म्हणाले, "पाळी आल्यावर बघू."

बाराव्या दिवशी आशाताई घरी आल्या. (आमच्याकडं बाराव्या दिवशी बारसं असतं. हे कुणी बोललं नाही, पण माझ्या डोक्यात होतंच.)

त्यांनी सरळ विचारलं, "पाळीची वाट कामून बघायलीस? बीज आधी सुटतंय, पाळी मागून येती."

गर्भ गेल्यावर आठ-दहा दिवसांतसुद्धा बीज सुटू शकतं, हे मला तिशीला टेकल्यावर कळलं. लगेच दिवस राहायला नको होते. अंगात रक्त नव्हतं, आणि पुढच्या खेपेला निदान सहा महिने तरी जाऊ द्यावेत, हे ताईंनी आधीही सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात गेले. बीपीच्या मशीनचा पट्टा चिकटत नव्हता, सिस्टरनं तो हातानं दाबून धरला. 116/74. मग प्रश्नच प्रश्न: ताप आहे का, अंगावरून घाण वास येतो का, पायात कधी रक्ताची गाठ झाली का, तंबाखू-मिश्री, कावीळ, आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं नागमोडी उजेड दिसतो का. माझं डोकं दुखतं, पण ते उन्हानं. उजेड दिसत असता तर गर्भनिरोधक गोळी मला दिली नसती, सिस्टर म्हणाल्या.

मग लघवीची तपासणी केली. पट्टीवर दोन रेघा! तिथंच मला रडू फुटलं. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नको. जुन्या गर्भाच्या हार्मोनचा अंश तीन-चार आठवडे दिसतो." बारा दिवसांत आम्ही जवळ आलोच नव्हतो, त्यामुळं अडचण नव्हती.

'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनचं मी विचारलं. तीन महिन्यांतून एकदा, सासूबाईंना कळायचंही नाही. पण ते बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला सात ते दहा महिनेही लागू शकतात म्हणे, आणि मला तर पुढच्या वर्षी लेकरू हवंय. म्हणून 'माला-एन' गोळी घेतली, फुकट मिळते. पाकिटात 28 गोळ्या: 21 पांढऱ्या, 7 तपकिरी लोहाच्या. मी पाच दिवस उलटल्यावर सुरू करत होते, म्हणून पहिले सात दिवस निरोधही वापरायचा. पिशवी साफ केली त्याच दिवशी गोळी चालू केली असती तर तेही लागलं नसतं. राग आला तो याचाच!

पहिले दहा दिवस मळमळलं. रात्री जेवून घ्यायला लागल्यावर कमी झालं. मधेच डागही पडले, ते दुसऱ्या पाकिटापासून थांबले. नांदेडला लग्नाला गेले तेव्हा एक गोळी राहिली. दुसऱ्या रात्री आठवलं तशा दोन्ही एकदम घेतल्या आणि पुढं रोजच्यासारखंच. दोन चुकल्या तर मात्र सात दिवस निरोध. पोटरी सुजून दुखली, छातीत कळ आली, दम लागला किंवा दिसायला अंधुक झालं तर गोळी बंद करून थेट दवाखाना, हे सिस्टरनं दोनदा वदवून घेतलं.

सासूबाई म्हणत होत्या, "गोळ्यांनी पिशवी कोरडी पडती." आता पाकीट देवघराशेजारच्या फडताळात असतं आणि रात्री नऊला त्याच विचारतात, "घेतलीस का गं?"