अर्ध्या मिलिमीटरची रेघ

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमचे नारळी-पोफळीचे आगर आहे आणि त्यातच आजोबांनी बांधलेले घर. किनारा क्षेत्र व्यवस्थापनाचा नवा नकाशा मी पाहून आल्यावर धाकट्या चुलतभावाने लगेच विचारले, "दादा, आता पन्नास मीटरच सोडायचे ना?" त्याला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधायच्या आहेत. हा समज किनाऱ्यावर सर्वत्र पसरला आहे, पण तो अर्धाच खरा आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेने ना-विकास क्षेत्र (नवे बांधकाम न करण्याचा पट्टा) भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणले ते फक्त दाट वस्तीच्या ग्रामीण भागांपुरते, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार जेथे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसे राहतात तेथे. आमच्यासारख्या विरळ वाड्यांना २०० मीटरच लागू आहेत.

शिवाय हा नकाशा १:२५,००० प्रमाणाचा आहे. त्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर, आणि अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ साडेबारा मीटर जागा व्यापते. आमच्या घराची रुंदीही तेवढी नाही. म्हणूनच सर्व्हे नंबर दाखवणारा १:४,००० चा नकाशा पाहिल्याशिवाय कोणीही व्यवहार करू नये, असे मी कळकळीने सांगतो.

मला अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या रेषेची. भरतीच्या पाण्याची चढउतार, समुद्रपातळीतील वाढ आणि किनाऱ्याची धूप किंवा भर यांचा विचार करून भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेल्या धोकारेषेचा उपयोग २०१९ नंतर आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनापुरताच आहे. तिच्यामुळे बांधकाम अडत नाही. नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषांनी बांधकामावर बंधने येतात, म्हणून चिपळूणकर त्यांच्याविषयी पोटतिडकीने बोलतात. धोकारेषेबद्दल मात्र आमच्या गावात कोणी चकार शब्द काढत नाही. सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नसतो आणि जमीन घेणाराही विचारत नाही. परवानगी मिळते म्हणजे जागा सुरक्षित आहे, असा अर्थ काढणे मला फार धोक्याचे वाटते.

ती धोकारेषा आमच्या घराच्या मागून जाते, म्हणजे घर तिच्या समुद्राकडच्या बाजूला येते. नकाशा पाहण्यापूर्वीही हे आम्हाला कळायला हवे होते, कारण पुळणीकडच्या ओळीतील चार माडांची मुळे उघडी पडली आहेत आणि आषाढातल्या उधाणानंतर विहिरीचे पाणी आठवडाभर मचूळ लागते.

खोल्या आता रस्त्याकडच्या वरच्या तुकड्यात बांधायच्या, असे भावाने मान्य केले आहे. जुन्या घराची डागडुजी आहे त्याच जोत्यावर करू. विजेचा मीटर आणि पंपाची पेटी पडवीत कमरेइतक्या उंचीवर आहेत. पावसाळ्यापूर्वी ती दोन्ही माळ्याच्या पातळीपर्यंत वर घेणार आहोत.