नार्वाच्या गिरणीसमोर

माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. त्यामुळे एस्टोनियाला जायचं ठरलं तेव्हाच टालिन या राजधानीइतकीच जुन्या कापडगिरणीच्या नार्वा गावाची ओढ लागली होती.

टालिन बघून मन भरून येतं. 1991 साली सोव्हिएत संघातून सुटलेला, जेमतेम पावणेचौदा लाख वस्तीचा देश. 1992 मध्ये स्वतःचं चलन, 2005 मध्ये इंटरनेटवरून मतदान, 2011 मध्ये युरो. स्काइप घडवणारे प्रोग्रामर इथलेच. कंपनीने नफा धंद्यातच ठेवला तर त्यावर कर नाही, हा 2000 पासूनचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटला. 2022 च्या महागाईने मात्र कंबर मोडली आणि 2023 मध्ये अर्थव्यवस्था सुमारे 3 टक्क्यांनी आकसली.

टालिनहून पूर्वेला निघालेली आगगाडी थेट रशियाच्या वेशीवर नेऊन सोडते. नार्वा नदीच्या या काठावर एक किल्ला, पलीकडे रशियाचा दुसरा. मधला पूल आता फक्त पायी ओलांडायचा. बॅगा ओढत माणसं रांगेत उभी होती.

गावाच्या दक्षिणेला क्रेनहोल्म. 1857 साली नदीतल्या बेटावर, धबधब्याच्या जोरावर उभी राहिलेली कापडगिरणी. मुंबईत पहिली गिरणी सुरू झाली तीही त्याच दशकात. 1872 साली इथेही कामगारांनी संप केला होता. पुढे सोव्हिएत बाजारपेठ गेली, परदेशी मालक आले, तरी 2010 मध्ये दिवाळं निघालं. लाल विटांच्या भिंती, फुटक्या काचा, मधूनच उगवलेली झाडं. परळच्या बंद गिरण्या मी लहानपणी अशाच पाहिल्यात.

फाटकापाशी एक आजी भेटल्या. एकतीस वर्षं याच गिरणीत काढलेली. त्या रशियन बोलत होत्या, मी फोनवर भाषांतर वाचत होतो. बोलता बोलता त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही अंगठा आणि तर्जनीत धरली, हलकेच चोळून सूत पाहिलं. आजोबा नवीन कपडा हातात आला की हेच करायचे. मला पुढचं काही बोलवेना.

एस्टोनियाचं भवितव्य टालिनपेक्षा इथे ठरेल असं मला मनापासून वाटतं. या जिल्ह्यावर देशाची वीज चालली, ती तेलयुक्त दगड जाळून. आता तो धूर थांबवायचाय आणि त्यासाठी युरोपीय संघाने सुमारे 35 कोटी युरो ठेवलेत. 2025 मध्ये नार्वात विजेच्या गाड्या आणि पवनचक्क्यांसाठी चुंबक बनवणारा कारखाना सुरू झाला. एका कारखान्याने हजारो हातांची भरपाई होत नाही, हे गिरणगावातल्या माणसाला कुणी सांगायला नको. पण कॉल सेंटर किंवा मॉल नव्हे, कारखाना आला, याचं मला फार मोल वाटलं.

आजींचा नातू तिथे अर्ज करणार होता. त्यासाठी रोज संध्याकाळी तो एस्टोनियन शिकतो. घरात ती भाषा कुणालाच येत नाही, त्यामुळे त्याचे शब्द तपासायला आजी वही समोर धरून बसतात.