उरलेली रोपं

टोमॅटोचं एक ग्रॅम बी म्हणजे साधारण ३०० दाणे. प्रो-ट्रेला, म्हणजे रोपं वाढवायच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेला, कप्पे ९८. आणि आमच्या बाल्कनीत कुंड्या बसतात सहा, ओढूनताणून आठ. हे गणित तिसरीतलं पोरही सोडवेल, पण गणपती गेल्यावर बी पेरायला बसलेल्या माणसाला ते सुटत नाही. खरं तर त्याला ते सोडवायचंच नसतं.

ट्रे ही मुळात शेतकऱ्याची वस्तू. पूर्वी गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच वाफ्यावर, ओळीने बी टाकायचे, वर गवत पसरायचे आणि लागणीच्या दिवशी रोपं उपटायचे. उपटताना बरीचशी मुळं वाफ्यातच तुटून राहायची आणि शेतात गेलेलं रोप चार दिवस मान टाकून बसायचं. ट्रेमधल्या रोपाला खालून बोटाने ढकललं की ते मुळांच्या गुंत्यासकट अलगद वर येतं, नव्या जागेची त्याला फारशी दखलही नसते. म्हणून नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करणारे आता रोपवाटिकेतून ट्रेच्या हिशेबाने रोपं उचलतात. एकरी हजारोंनी रोपं लागतात त्यांना. आम्ही तोच ट्रे उचलून तिसऱ्या मजल्यावर आणला.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट बादलीत टाकून पाणी ओतलं की ती फुगत फुगत बादली भरते. हा नारळाच्या सोडणाचा भुसा. त्यात अन्न म्हणावं असं जवळजवळ काहीच नसतं आणि सुरुवातीला त्यावाचून अडतही नाही, कारण बी आपली शिदोरी बरोबर घेऊन आलेलं असतं. पहिल्या दोन पानांनंतरची खरी पानं दिसू लागली की मग गांडूळखत चाळून मिसळायचं. मुळा-गाजर असल्या ट्रेत लावणाऱ्यांचं देव भलं करो. ही पिकं थेट जागेवरच पेरावीत, नाहीतर मुळाला फाटे फुटतात.

आता पेरणी. पाकिटावर टोमॅटोची उगवण किमान ७० टक्के लिहिलेली असते, मिरचीची ६०. सरकारी प्रमाणच तसं आहे. शेतकरी गोणपाटात १०० दाणे गुंडाळून आधी परीक्षा घेतो आणि मग हिशेबात बी टाकतो. घरातला माणूस तो आकडा वाचून फक्त घाबरतो आणि प्रत्येक कप्प्यात दोन दोन दाणे टाकून मोकळा होतो. न जाणो, एखादं नाही आलं तर!

पुढचे दिवस मात्र माझे अत्यंत आवडते. चहा हातात घेऊन ट्रेपाशी उकिडवं बसायचं आणि काहीही न दिसणाऱ्या भुशाकडे टक लावून बघायचं. टोमॅटो भला माणूस, आठवड्याच्या आत येतो. वांगं थोडं मागेपुढे करतं. मिरची म्हणजे रुसलेली जाऊबाई. दहा दिवस ढुंकून बघत नाही, आपण नाद सोडला की एका सकाळी हजर. दाण्यातून डोकं वर येत नाही, आधी वाकलेली मान येते. त्या कमानीने भुसा बाजूला सारला जातो आणि मागून दोन पानं हळूच ओढून घेतली जातात, म्हणजे कोवळ्या टोकाला ओरखडा नको. कधी बियाचं टरफल पानांच्या टोकाला तसंच अडकून राहतं. ते नखाने काढायचा मोह अनावर होतो. काढू नये. पाण्याचा थेंब सोडून वाट बघावी. ही पहिली दोन पानं लांबट, गुळगुळीत, सगळ्यांची सारखीच. टोमॅटो कुठला आणि मिरची कुठली हे तेव्हा भल्याभल्यांना सांगता येत नाही. नंतरचं कातरलेलं पान आलं की वासावरूनच कळतं.

उगवल्याबरोबर उजेड हवा. नवरात्रातल्या घटाचं धान आठवा. देवघरातल्या अंधारात ते कसं सरसर उंच आणि पिवळंधमक होतं. दसऱ्याला टोपीत खोचायला ते देखणं दिसतं, पण टोमॅटो तसा झाला तर पुढे उभा राहत नाही. आणि पाणी बेतानेच. भुसा सतत चिंब राहिला तर बुरशी लागते, देठ जमिनीलगत सुतासारखा बारीक होतो आणि काल ताठ असलेलं रोप सकाळी आडवं. त्यावर इलाज नाही, ट्रेला वारा लागेल असं बघावं एवढंच.

एवढ्यातून निभावलं की येते विरळणी. म्हणजे कप्प्यातलं धट्टंकट्टं एक ठेवायचं आणि दुसरं काढायचं. जाणकार सांगतात, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात, सरळ कात्रीने कापा. बरोबर आहे त्यांचं. पण ७० टक्क्यांच्या भीतीने टाकलेलं बी शेजारी शेजारी उभं राहून आपल्याकडे बघत असताना कात्री चालवायची कुणी? मग काडेपेटीतल्या काडीने दुसरं रोप अलगद सोडवायचं आणि चहाच्या कागदी कपात लावायचं. कप बाल्कनीतून खिडकीत येतात, खिडकीतून ओट्यावर. घरचे काही बोलत नाहीत, फक्त कुकर ठेवायला जागा शोधत उभे राहतात.

आणि मग मी दानशूर होतो. वॉचमनमामांना दोन. इस्त्रीवाल्याला दोन. दूधवाला हल्ली पिशवी दाराला अडकवून बेल न वाजवता जातो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, त्यासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथून बी नेणाऱ्याने पीक आल्यावर दुप्पट परत करायचं असा रिवाज आहे. आमच्या सोसायटीत तसं काही मागायची सोय नाही. एकतर माझं बी हायब्रिड, त्याच्या फळातून काढलेलं बी पुढच्या वर्षी आईबापावर जाईलच असं नाही. आणि दुसरं म्हणजे इथे घेणाराच उपकार करत असतो.

वरच्या मजल्यावरच्या काकांचंच बघा. “काका, टोमॅटोची रोपं देऊ का?”

“एवढा आग्रह करताय तर ठेवा चार.”

त्यांनी ती गच्चीवर एका फुटक्या बादलीत लावली. माझ्या कुंडीतली काठीच्या आधाराने कशीबशी उभी असताना काकांच्या बादलीवर लालभडक घोस लोंबायला लागले. परवा जिन्यात भेटले तेव्हा हातात पिशवी होती. मी म्हटलं, “वा! रोपं चांगली लागली की आपली.”

“छे हो, रोपात काय असतं,” काका म्हणाले, “हाताला गुण लागतो,” आणि त्यांनी मला त्यातले पाव किलो दिले.

सार मात्र फक्कड झालं होतं.