ताप नव्हता, म्हणून सेप्सिस कोणी धरलाच नाही

बाळंतपण नीट पार पडलं. राग आहे तो त्यानंतरच्या वॉर्डवर. सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडणं, तिथे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. थर्मामीटर लावायचा, "ताप नाही" म्हणायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं, हेच चाललं होतं.

मला हुडहुडी भरत होती, ओटीपोट दुखत होतं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत होता. नाडी १२०? "बाळंतिणीची जलदच असते." पांढऱ्या पेशी वाढल्यात? "प्रसूतीत वाढतातच." धाप लागतेय? "दमला आहात, झोपा." यातलं पहिलं-दुसरं खोटंही नव्हतं. गरोदरपणात नाडी मिनिटाला १५-२० ठोक्यांनी वाढते, प्रसूतीच्या वेळी पांढऱ्या पेशीही बऱ्याच वाढतात. म्हणूनच एकेक आकडा सुटा बघितला की त्याला कारण सापडतं. सगळे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला कोणाला सवड नव्हती. शरीराचं तापमान ३५.६ सेल्सिअस भरलं, तेही "ताप नाही" या खात्यातच गेलं. ३६ च्या खाली उतरणं हीसुद्धा धोक्याची खूण धरतात!

श्वासांच्या रकान्यात तर प्रत्येक पाळीला १८ लिहिलेलं. माझ्या बहिणीने घड्याळ समोर धरून माझी छाती किती वेळा वरखाली होते ते मोजलं. मिनिटाला २८. तिने रात्रपाळीच्या सिस्टरना बोलावलं. त्यांनी स्वतः पूर्ण मिनिट मोजलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही.

मग सगळं भराभर झालं. रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) गेलं, लॅक्टेट (शरीरावर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ) २ च्या वर, म्हणजे जास्त निघालं, अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. कल्चरच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. सेप्सिसचा दाट संशय असला तर पहिला डोस तासाभरात जायला हवा. लॅक्टेट ऐन कळांमध्ये तसंही वाढतं, पण माझ्या कळा केव्हाच संपल्या होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मातेच्या सेप्सिसची व्याख्या केली: गर्भारपणात, प्रसूतीत, गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतर झालेल्या संसर्गामुळे अवयवांचं काम बिघडून जिवावर बेतणं. त्यात तापाची अट नाही.

लघवी कमी होत असेल किंवा बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तर तेही लगेच सांगा. "श्वास पूर्ण मिनिट मोजा" असं स्पष्ट म्हणा, भीड नको. घरी गेल्यावर ४२ दिवसांत कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, तर नुकतीच प्रसूती झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.